कांच कां फुटत नाहीं?

गेल्या वर्षीं आम्ही वर्गांत कांचतंतूंच्या लेसरविषयीं सांगत होतों. सेकंदाचे एक कोटी भाग करावे, त्यांतील एकाचे पुनः दहा कोटी करावे. तो एक फेम्टोसेकंद! अशा कांहींशें फेम्टोसेकंदांतच प्रकाशाचा एक स्पंद संपतो. एका विद्यार्थ्यानें विचारिलें, "सर, इतक्या थोड्या काळांत एवढें बल कोंडलें तर तंतूची कांच फुटत नाहीं?" उत्तर ठाऊक नसल्यानें आम्ही त्यास रागावून खालीं बसविलें.

रात्रीं ग्रंथ उघडला आणि आम्हीच खजील झालों. याच अडचणीनें शास्त्रज्ञांस अनेक वर्षें अडविलें होतें. १९८५ सालीं अमेरिकेंतील रॉचेस्टर येथें डॉना स्ट्रिकलंड व जेरार मुरू यांनीं ती दूर केली. त्यांनीं स्पंद प्रथम १.४ किलोमीटर लांबीच्या कांचतंतूंतून धाडिला. तेथें त्याचे निरनिराळे रंग मागेंपुढें पडून तो लांबला व सौम्य झाला. मग त्यास बलवान करून, बारीक रेघांच्या पट्ट्यांच्या साह्यानें पुनः आखडिला. २०१८ सालच्या नोबेल पारितोषिकांत उभयतांस वांटा मिळाला. यटर्बियममिश्रित तंतूंच्या लेसरांतही आज हीच युक्ति योजितात.

दुसरे दिवशीं आम्ही वर्गासमोर त्या मुलाची क्षमा मागितली. बालमित्रहो, प्रश्न पुसण्यास भिऊं नका. आणि पालकहो, उत्तर ठाऊक नसल्यास तसें म्हणण्यास आम्हांप्रमाणें एक रात्र लावूं नका.