पत्त्याची शेवटची ओळ

जयनगरात पत्ता सांगणे हे पाढे म्हणून दाखविण्यापैकीच आहे. चौथा ब्लॉक, अकरावा मेन, अमक्या नंबरचा क्रॉस, आणि मग घर. १९४८ साली आखून-मोजून वसविण्यास आरंभ झालेल्या या उपनगराला आकड्यांची ही शिस्त शोभते. पेठा आणि बोळ यांत वाढलेल्या आम्हां मराठी माणसांना मात्र ती प्रथम रुक्ष वाटते. पुढे तिची सवय होते, आणि सवयीबरोबर एक गोष्ट ध्यानी येते. पहिला मेन आणि पहिला क्रॉस बंगळूरच्या बहुतेक वसाहतींत आहेत. तेव्हा आकडे कितीही बिनचूक असले, तरी शेवटी ‘जयनगर’ हा शब्द नसेल तर त्यांना काडीचाही अर्थ नाही. त्या शब्दाच्या आरंभी एक ‘वि’ चिकटला, की जयनगरचे विजयनगर होते आणि रिक्षा आपणांस शहराच्या पश्चिम भागात नेऊन सोडते.

संगणकावर नव्याने बसणाऱ्या माणसाला प्रथम काय शिकवावे, असा प्रश्न आला की मला हे पत्त्यांचे प्रकरण आठवते. बहुतेक शिकविणारे माऊसपासून आरंभ करतात. माऊस चार दिवसांत हाती बसतो. आपण या घटकेस कोणाच्या दारात उभे आहोत, हे ओळखणे त्याहून अवघड, आणि सारी जोखीम तेथेच आहे.

आमच्या शेजारी चौऱ्याहत्तर वर्षांच्या एक वहिनी राहतात. त्यांचे यजमान रेल्वे मेल सर्व्हिसमध्ये सॉर्टर होते. ते गेल्यावर पुण्याचे बिऱ्हाड मोडून वहिनी येथे मुलाकडे आल्या. यजमानांमागे मिळणारी पेन्शन दरमहा त्यांच्या नावे बँकेत जमा होते. ती चालू राहावयाची तर दर नोव्हेंबरात आपण हयात असल्याचा दाखला द्यावा लागतो. २०१४ पासून ‘जीवन प्रमाण’ या सरकारी सोयीमुळे तो घरबसल्या देता येतो, आणि आजवर मुलगाच हे काम करून देत असे. मुलगा गुणी आहे. परंतु कामावरून येतो रात्री नऊला. “भावोजी, मी जिवंत आहे हे सांगावयालासुद्धा मला त्याच्या सवडीची वाट पाहावी लागते,” असे वहिनी एकदा म्हणाल्या. त्यांनी ते हसत म्हटले, तरी मला ते झोंबले. नातवाचा जुना लॅपटॉप घेऊन आमच्या जेवणाच्या टेबलावर त्यांची शिकवणी सुरू झाली ती त्या वाक्यापासून.

२०२५ च्या ऑक्टोबरात त्यांच्या फोनवर एक निरोप आला. दाखला आजच न दिल्यास पेन्शन बंद होईल, सोबतच्या दुव्यावर बोट ठेवावे, असा त्यातला मजकूर होता. वहिनी बोट न ठेवता फोन घेऊन माझ्याकडे आल्या. “यात ‘जीवन प्रमाण’ लिहिले आहे, ‘गव्ह’ही लिहिले आहे. मग खोटे कसे?”

मी त्यांना विचारले, “पाकीट हाती आले की तुमच्या घरचे सॉर्टर प्रथम काय वाचीत?”

“शेवटची ओळ,” त्या तत्काळ म्हणाल्या. “नाव-गाव वाचण्याचे काम पोस्टमनचे.”

१५ ऑगस्ट १९७२ रोजी देशात पिनकोड सुरू झाला. ही कल्पना टपाल खात्यातील अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर यांची. हे गृहस्थ संस्कृतचे कवी आणि नाटककारही होते. एकाच नावाची अनेक गावे, पत्ते नाना लिप्यांत लिहिलेले आणि कित्येक अर्धवट, या गोंधळावर त्यांनी सहा आकड्यांचा तोडगा काढला. वहिनींचे तेव्हा नुकतेच लग्न झाले होते. रात्री जेवणे आटोपल्यावर त्या गावाचे नाव घेत आणि यजमान आकडे म्हणत. त्यांतले कित्येक त्यांना आजही पाठ आहेत. अशा विद्यार्थिनीला संगणकाचा पत्ता समजावून सांगणे मुळीच कठीण गेले नाही.

ब्राऊझरला परिभाषाकारांनी ‘न्याहाळक’ असे गोड नाव सुचविले आहे. लोकांनी ते उचलले नाही, याचे मला थोडे वाईट वाटते. या न्याहाळकाच्या माथ्यावर एक लांबट पट्टी असते, तीत आपण जेथे आहोत तेथला पत्ता असतो. त्यात पहिली एकेरी तिरकी रेघ शोधावी आणि तेथून डावीकडे उलटे वाचीत यावे. रेघ नसेल तर शेवटापासून वाचावे. या टोकाशी जे शब्द असतील ती पत्त्याची शेवटची ओळ. तेथे ‘गव्ह डॉट इन’ असेल तर घर सरकारचे, कारण ते नाव सरकारी संस्थांनाच मिळते. वहिनींच्या निरोपात ‘जीवन प्रमाण’ होते, ‘गव्ह’ही होते, पण ते मधल्या ओळींत. रेघेजवळ कोणी भलताच बसला होता आणि त्याच्यापुढे नुसते ‘कॉम’. वहिनींनी चष्मा सावरून ते दोनदा वाचले आणि म्हणाल्या, “विजयनगर!”

बँकांच्या बाबतीत आता ही वाट अधिक सोपी झाली आहे. रिझर्व्ह बँकेने देशातील बँकांसाठी ‘बँक डॉट इन’ हे शेवट राखून ठेवले आणि ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत तेथे स्थलांतर करण्यास त्यांना फर्मावले. बँकेचे म्हणून जे पान समोर येईल त्याचा शेवट तसा नसेल, तर पासवर्ड टंकू नये.

पत्त्याशेजारच्या कुलपाच्या चित्रावरही लोक भलता विश्वास टाकतात. कुलूप म्हणजे बंद पाकीट. मजकूर वाटेत कोणी वाचणार नाही, एवढीच त्याची हमी. पाकीट ज्याच्या हाती पडणार तो सज्जन आहे की चोर, हे ते सांगत नाही. या गैरसमजापायीच क्रोम या ब्राऊझरने २०२३ मध्ये ते चित्र काढून टाकले.

दुसरा फसवा भाग शोधाचा. पत्त्याच्या पट्टीतच हल्ली शोधही घेता येतो. त्यामुळे पत्ता अर्धवट लिहिला की यंत्र आपणांस तेथे न नेता उत्तरांची यादी पुढे करते. यादीच्या माथ्यावर बारीक अक्षरांत ‘प्रायोजित’ असे लिहिलेले असते, म्हणजे ती जागा पैसे देऊन घेतलेली. बँकेचा फोन नंबर अशा यादीतून घेणाऱ्यांची फसगत झाल्याच्या बातम्या नित्य येतात. तो पासबुकावरून घ्यावा. आणि पैसे गेलेच तर रडत न बसता १९३० या क्रमांकावर त्याच घटकेस कळवावे. जितका उशीर, तितके ते पैसे पुढच्या पुढच्या खात्यांत सरकत जातात.

बाकीचे शिक्षण किरकोळ. कंट्रोलचे बटण धरून अधिकाचे चिन्ह दाबले की अक्षरे मोठी होतात. या एका युक्तीने वहिनी जितक्या हरखल्या तितक्या दुसऱ्या कशानेही नाही. कंट्रोल आणि झेड दाबले की टंकताना झालेली चूक पुसली जाते, आणि ‘काही तरी मोडेल’ ही भीतीही तिच्याबरोबर पुष्कळशी जाते. योग्य पत्ता एकदा सापडला की त्याची खूण करून ठेवावी, म्हणजे पुन्हा शोधाच्या वाटेस जावे लागत नाही. वहिनींनी खुणा केल्या, शिवाय वहीतही उतरवून घेतले. वही बंद पडत नाही, हे त्यांचे म्हणणे मला खोडता आले नाही.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात त्यांनी दाखला स्वतः दिला. चेहरा दाखवून दाखला देण्याची सोय २०२१ पासून आहे. फोनच्या कॅमेऱ्यापुढे बसून डोळे मिचकावावे लागतात. हयातीचा हा पुरावा वहिनींना फारच थिल्लर वाटला. प्रमाण क्रमांक फोनवर आला. मग लॅपटॉप उघडून त्यांनी ‘जीवन प्रमाण’चा पत्ता एकेक अक्षर टंकून लिहिला, उजवीकडून डावीकडे वाचून पाहिला आणि प्रमाणपत्र उतरवून घेतले. मी समोर बसलो होतो. मला एकदाही तोंड उघडावे लागले नाही.

त्या रात्री नऊला मुलगा घरी आला आणि म्हणाला, “आई, या रविवारी तुझा दाखला करून टाकू.” वहिनींची पोळी तव्यावर होती. मागे वळून न पाहता त्या म्हणाल्या, “तो डाउनलोड्समध्ये आहे. हात धुऊन ये आणि बघ.”