शाई सुकेपर्यंत

बाटलीतल्या शाईकडे पाहून तिचा रंग ओळखता येत नाही. निळी असो, जांभळी असो वा गर्द हिरवी, काचेआड ती जवळजवळ काळीच दिसते, कारण तिथे तिचा थर इतका जाड असतो की त्यातून परत येणारा प्रकाश जवळपास उरतच नाही. तिचा रंग प्रथम प्रकट होतो तो निबेने कागदावर अत्यंत पातळ थर पसरल्यावर, आणि तोही एकदम नव्हे; ओली रेघ सुकेपर्यंतच्या काही सेकंदांत तो पालटत जातो, कडेला गडद होतो, मध्ये विरळ पडतो, आणि मग जिथे असेल तिथे थांबतो. फाउंटन पेनच्या शाया पारखून पाहण्याचा सगळा छंद या काही सेकंदांवर उभा आहे. नवी बाटली उघडणाऱ्याची समजूत असते की आपण शाईची परीक्षा घेत आहोत. प्रत्यक्षात परीक्षा बहुतेक वेळा कागदाची चाललेली असते आणि शाई ही तिथे केवळ साक्षीदार असते.

फाउंटन पेन ही खरे तर काबूत ठेवलेली गळती आहे. निबेच्या खाली असलेल्या, मराठीत जिला ‘जीभ’ म्हणतात त्या दांडीवर बारीक खाचा असतात. त्या खाचांतून शाई केशाकर्षणाने, म्हणजे अरुंद फटीत द्रव आपोआप चढण्या-सरकण्याच्या गुणाने, टोकाकडे येते आणि जेवढी शाई बाहेर पडते तेवढीच हवा आत शिरते. लुइस वॉटरमन याने १८८४ साली अमेरिकेत ज्या पेनाचे पेटंट मिळवले, त्याचे मर्म शाई आणि हवा यांच्या या देवघेवीतच होते. मात्र या बारीक खाचांनी शाईवर एक कायमची अट घातली. बोरूला किंवा टाकाला कोणतीही शाई चालत असे, अगदी काजळीत डिंक खलून केलेली दाट शाईसुद्धा, कारण बोरू दौतीत बुडवायचा, लिहायचे आणि पुसून ठेवायचा एवढाच त्याचा व्यवहार होता. पेनात मात्र शाई दिवसरात्र मुक्कामाला असते, आणि काजळीचे कण पाण्यात विरघळत नसल्यामुळे ते खाचांत बसून सुकले की पेन निकामी होते. त्यामुळे फाउंटन पेनची शाई बहुधा पाण्यात पूर्ण विरघळलेल्या रंगाची असते. काजळीची शाई पेनात भरण्याजोगी करायला तिचे कण अतिशय सूक्ष्म करावे लागतात. जपानच्या प्लॅटिनम कंपनीची ‘कार्बन ब्लॅक’ तशी आहे, पण ती वापरणाऱ्यालाही पेन वेळेवर धुण्याचे पथ्य पाळावे लागते.

शाईच्या बाटलीत मुख्यतः पाणीच असते. त्यात रंग, पाण्याचा पृष्ठताण कमी करून शाई वाहती ठेवणारा एखादा पदार्थ, निबेवर ती लगेच सुकू नये म्हणून ग्लिसरिनसारखे ओलावा धरणारे द्रव्य आणि बुरशी येऊ नये म्हणून थोडे जंतुनाशक, एवढाच हा संसार असतो. जुन्या शायांत यासाठी फिनॉल घालत, आणि जुन्या दौतीच्या आठवणीबरोबर अनेकांच्या नाकाला दवाखान्यासारखा जो वास येतो, तो त्याचाच. रंगाचा इतिहास याहून रंजक आहे. फ्रीडलिब फर्डिनांड रुंगे या जर्मन रसायनशास्त्रज्ञाला १८३४ मध्ये दगडी कोळशाच्या डांबरात एक द्रव्य सापडले, जे पुढे ॲनिलिन म्हणून ओळखले गेले. १८५६ मध्ये लंडनमध्ये विल्यम पर्किन या अठरा वर्षांच्या विद्यार्थ्याने ॲनिलिनपासून हिवतापावरचे क्विनाइन बनवण्याचा खटाटोप केला आणि त्याच्या हाती लागला तो जांभळा रंग. वसाहतींतल्या हिवतापावर औषध शोधता शोधता जगातले कपडे रंगले, आणि मागोमाग शायाही. रुंगेचे आणखी एक काम शाईच्या छांदिष्टांनी विसरू नये असे आहे. त्याने टिपकागदावर रासायनिक द्रावणांचे थेंब टाकून त्यांतून आपसूक उमलणाऱ्या आकृत्यांचे पुस्तकच १८५५ मध्ये काढले. आज काळ्या शाईचा थेंब टिपकागदावर सोडून भोवती पाणी चढू दिले की त्यातून निळी, तांबूस, कधी पिवळी वलये वेगळी होतात, आणि ज्याला आपण काळा म्हणत होतो तो तीन-चार रंगांचा तह होता हे उघड होते. शास्त्रात या पृथक्करणाला वर्णलेखन म्हणतात.

डांबराच्या रंगांपूर्वी युरोपात शतकानुशतके राज्य होते ते लोहशाईचे. ओकच्या झाडावर कीटकांमुळे येणाऱ्या गाठी, म्हणजे आपल्या काष्ठौषधीच्या दुकानातली मायफळे, पाण्यात उकळून त्यांतले टॅनिन काढायचे आणि त्यात हिराकस व डिंक मिसळायचा, ही तिची कृती. ही शाई कागदावर उतरते तेव्हा फिकी असते. हवेतल्या प्राणवायूने तिच्यातल्या लोहाचे रूप बदलते, टॅनिनशी त्याचा न विरघळणारा काळा संयोग कागदाच्या तंतूंतच तयार होतो, आणि मग पाण्याने ती धुतली जात नाही. लिहिताना अक्षर दिसावे म्हणून तिच्यात निळा रंग मिसळू लागले, आणि ‘ब्लू-ब्लॅक’ या परिचित नावाचा उगम तिथे आहे: निळी लिहिली जाणारी, काळी होणारी शाई. नावे आजही बाटल्यांवर आहेत, पण त्यांतल्या बऱ्याच शायांत लोहाचा अंशही उरलेला नाही. याच्या अगदी उलट टोकाला पेलिकनची राजनिळी शाई आहे. जर्मन शाळांतली मुले ती वापरतात, कारण सल्फाइट असलेल्या खास पेनाने तिच्यावरून रेघ ओढली की रंगाच्या रेणूची रचना मोडते आणि अक्षर दिसेनासे होते. टिकाऊपणाचा अभिमान एका शाईला, पुसले जाण्याचा दुसरीला. शाईचा गुण ठरवताना ती कशासाठी हवी आहे हे आधी विचारलेले बरे.

आता कागद. निव्वळ लगद्याचा कागद म्हणजे टिपकागद. त्याच्या तंतूंमधल्या पोकळ्या शाई क्षणात ओढून घेतात, तंतूतंतूने ती बाजूला पळते आणि रेघेला केस फुटल्यासारखे होते. मराठीत याला शाई फुटणे म्हणतात, आणि हा शब्द कोणत्याही तांत्रिक संज्ञेपेक्षा नेमका आहे. शाई फुटू नये म्हणून कागदाला खळ द्यावी लागते. जुन्नर आणि दौलताबाद या भागांत पूर्वी जो हातकागद होत असे आणि जो पेशवाईच्या दप्तरांत वापरला जाई, त्याच्या मुळाशी हीच दोन कामे होती: पिठाची खळ देऊन ताव वाळवायचा आणि मग गुळगुळीत दगडाने तो चकाकेपर्यंत घोटायचा. दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्याच्या नावातच हा व्यवसाय अजून टिकून आहे. युरोपात खळीच्या जागी जनावरांच्या हाडा-कातड्यांपासून काढलेले जिलेटिन होते. १८०७ साली जर्मनीत मोरित्झ इलिग याने लगद्यातच राळ आणि तुरटी मिसळण्याची युक्ती प्रसिद्ध केली, कागद त्यामुळे झपाट्याने स्वस्त झाला, आणि तुरटीच्या आम्लामुळे तो पुढे पिवळा व ठिसूळ होऊ लागला. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आम्लाची गरज नसलेली कृत्रिम खळ आली. यंत्रे बदलली तरी तत्त्व तेच राहिले. उत्तम कागद म्हणजे शाईला योग्य प्रमाणात नकार देणारा कागद: इतका नाही की ती थेंबाथेंबाने गोळा होऊन बसावी, आणि इतका तर हवाच की तिने आत शिरण्याऐवजी थोडा वेळ पृष्ठभागावर रेंगाळावे.

या रेंगाळण्यातच शाईचे सगळे सौंदर्य आहे. रेघ ओली असताना शाई वळणाच्या शेवटी, जिथे निब थबकते तिथे, साचते. सुकल्यावर तो भाग गडद आणि बाकीचा विरळ दिसतो, आणि एकाच अक्षरात एका रंगाच्या दोन-तीन पायऱ्या उमटतात. हिला छटा म्हणावे. झळाळी ही त्याहून निराळी गोष्ट आहे. रंग फार दाट असेल आणि कागदाने तो आत घेतला नसेल, तर पाणी उडून गेल्यावर रंगाचा घट्ट थर पृष्ठभागावरच राहतो, आणि विरळ असताना जो प्रकाश तो रंग सर्वांत जोराने शोषून घेत होता, तोच प्रकाश हा घट्ट थर धातूसारखा परत फेकू लागतो. निळ्या शाईच्या अक्षरावर तिरप्या उजेडात तांबडी लकेर दिसते ती यामुळे. जे. एर्बां या जुन्या फ्रेंच घराण्याच्या २०१५ मधल्या ‘एमराल्ड ऑफ चिवोर’ शाईत अशा तांबूस झळाळीच्या जोडीला सोनेरी कणही घातलेले आहेत; कण हे बाहेरून आणलेले दागिने आणि झळाळी ही रंगाची स्वतःची, हा फरक लक्षात घेतला तर कणांचे कौतुक थोडे कमी होते. साध्या झेरॉक्सच्या कागदावर हीच शाई निव्वळ हिरवट-निळी दिसते. तिथे तिची झळाळी गेली कुठे, तर तंतूंच्या आत.

कागद जाड म्हणजे चांगला, हा समज बाजारात पक्का रुजला आहे. जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचे ग्रॅममधले वजन. ए-फोर ताव चौरस मीटरचा सोळावा भाग असल्यामुळे ८० जीएसएमचा एक ताव बरोबर ५ ग्रॅम भरतो. पण हे मोजमाप खळीबद्दल काहीही सांगत नाही. फ्रान्सच्या व्होज भागातल्या क्लेरफोंतेनचा वह्यांचा कागद ९० जीएसएमचा, घोटीव आणि भक्कम असतो, आणि शाई पारखणाऱ्यांत त्याला मान आहे. पण दीर्घकाळ सर्वांत जास्त मान ज्याला मिळाला तो जपानच्या तोमोएगावा कंपनीचा ‘तोमोए रिव्हर’ अवघ्या ५२ जीएसएमचा, हातात धरला तर कांद्याच्या सालीसारखा सळसळणारा. त्याच्यावर शाई फुटत नाही, पाठीमागे झिरपत नाही. फक्त मागचे अक्षर पुढे अंधूक दिसत राहते, आणि शाई सुकायला इतका वेळ लावते की घाईच्या माणसाने त्याच्या वाटेला जाऊ नये. डाव्या हाताने लिहिणाऱ्यांचे तर त्यावर हालच होतात. २०२१ मध्ये तोमोएगावाने हा कागद बनवणे थांबवले आणि सानझेन या दुसऱ्या जपानी कंपनीने ते नाव व काम पुढे चालवायला घेतले. तेव्हापासून जुना ताव आणि नवा ताव शेजारी ठेवून, एकाच निबेने, एकाच शाईने रेघा ओढून भांडणारे लोक निर्माण झाले आहेत. बाहेरच्याला यातला फरक दिसतही नाही. पण गाण्याच्या मैफलीत षड्ज किंचित उतरला म्हणून अस्वस्थ होणाऱ्या समाजाने या भांडणाला हसू नये.

या सगळ्या पारखण्यात देवनागरीचा एक स्वतंत्र प्रश्न आहे, आणि रोमन लिपीत काढलेले शाईचे नमुने त्याचे उत्तर देत नाहीत. बाळबोध लिहिणारा बहुधा शब्दातली अक्षरे आधी काढतो आणि शिरोरेषा शेवटी ओढतो. म्हणजे ओल्या उभ्या दंडांच्या माथ्यावरून आडवी ओली रेघ जाते, प्रत्येक सांध्यावर शाईवर शाई चढते, आणि वाहती शाई असेल तर तिथे लहान लहान गाठी पडतात. मध्ये रेघ फिकी, सांध्यावर काळसर, आणि शब्दाच्या अखेरीस, निब उचलण्यापूर्वी, एक गडद ठिपका. छटा दाखवणारी शाई त्यामुळे मराठी मजकुरात ओळीच्या माथ्यावर बोलते, तर रोमन मजकुरात ती अक्षराच्या वळणांत बोलते. मोडी लिहिणाऱ्याची रीत उलटी होती: पानाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत रेघ आधी ओढायची आणि मग तिच्याखाली, शक्यतो हात न उचलता, अक्षरे लटकवीत जायची. पहिली अक्षरे लिहून होईपर्यंत पुढची रेघ सुकलेली असे, आणि घोटलेल्या कागदावर काजळीची शाई वरच बसत असल्यामुळे गाठींचा प्रश्न फारसा नव्हता. आज मोडीचा सराव फाउंटन पेनने करणाऱ्याला म्हणूनच चटकन सुकणारी, थोडी रुक्ष शाई सोयीची जाते, आणि बाळबोध सावकाश लिहिणाऱ्याला ओली. रुक्ष आणि ओली हे शब्द इथे शाईच्या वाहण्याबद्दल आहेत. द्रव रुक्ष कसा असेल असे विचारणाऱ्याने एकदा दोन्ही शाया एकाच पेनात भरून पाहाव्यात.

या छंदात एक गंमत अशी की सर्वोत्तम साधनांनी जो मजकूर लिहिला जातो तो सर्वांत निरर्थक असतो. पानेच्या पाने भरतात, पण त्यांवर शाईचे नाव, निबेची जाडी, आडव्या-उभ्या रेघांच्या जाळ्या, आठच्या आकड्याचे वेटोळे आणि तर्जनी ओढून केलेल्या पुसटशा पट्ट्यांखाली सेकंदांची नोंद, याखेरीज काही नसते. पायलट कंपनीच्या ‘इरोशिझुकू’ मालेतल्या शायांना पावसाची, फुलांची, चंद्रप्रकाशाची नावे आहेत, आणि ती नावे पुन्हा पुन्हा लिहिणे एवढाच त्यांचा उपयोग कित्येक घरांत होतो. याला कुणी चैन म्हणेल, आणि महागड्या बाटल्यांच्या रांगा पाहता ते पूर्ण खोटेही नाही. तरीही संगीताच्या रियाजात पलट्यांना अर्थ नसतो, म्हणून ते गाणे नव्हे असे म्हणण्याचे धाडस कुणी करत नाही. आणि हाताला निबेचा कोन, कागदाची ओढ व शाईची चाल कळणे हे लिहिण्याचेच अंग आहे.

महाराष्ट्राचा शाईच्या व्यवसायाशी संबंध कमी जुना नाही. १९३१ साली मुंबईत दांडेकर बंधूंनी घोडा छाप शाईची पूड आणि वड्या विकायला सुरुवात केली. ती पाण्यात कालवून दौत भरायची. पुढे तिथूनच उंट छाप शाई आली आणि ‘कॅमल’ व ‘इंक’ जोडून कॅम्लिन हे नाव. २०११ मध्ये या कंपनीची सूत्रे जपानच्या कोकुयोकडे गेली, आणि कोकुयो १९०५ मध्ये ओसाकात सुरू झाली होती ती हिशेबाच्या चोपड्यांची पुठ्ठ्यांची वेष्टणे बनवण्यासाठी. १९७५ पासूनच्या तिच्या ‘कॅम्पस’ वह्या जपानी विद्यार्थ्यांच्या दप्तरात असतात आणि त्यांच्यावर फाउंटन पेन सुखाने चालते. शाईवाल्या मराठी घराण्याची अशी कागदवाल्या जपानी घराण्याशी सोयरीक झाली, तरी कोपऱ्यावरच्या दुकानातली शालेय वही अजून बॉलपेनासाठीच बनते, आणि त्यात ग्राहकाचीही चूक नाही, कारण वर्गात वेगाने लिहून पान उलटणाऱ्या मुलाला झटपट सुकणारी शाईच लागते. वहीच्या मागच्या बाजूला पानांची संख्या, लांबी-रुंदी आणि कधी जीएसएम छापलेले असते, खळीविषयी मात्र अवाक्षर नसते. त्यामुळे वही घेणाऱ्याने खिशातले पेन काढावे, दुकानदाराची परवानगी घेऊन शेवटच्या पानाच्या कोपऱ्यात एक शब्द शिरोरेषेसकट लिहावा, पान उलटून पाठ पाहावी, आणि शाई फुटली असेल तर त्या वहीचेही पैसे देऊन दुसरी मागावी.