मामांचं ऑम्लेट

मुंबईतले दोस्त एका बाबतीत जाम भाव खातात. त्यांच्याकडे इराणी आहेत! धोबी तलावचं कयानी १९०४ चं, बॅलार्ड इस्टेटचं ब्रिटानिया १९२३ चं. आणि आपण? आपली सिडकोच मुळी १९७० सालची. संगमरवरी टेबलं आणि लाकडी खुर्च्यांचा वारसा आपल्याकडे यायचा कुठून? पण बॉस, ब्रेकफास्टच्या बाबतीत आपण अजिबात गरीब नाही.

माझा अड्डा वाशीतला. सिडकोच्या जुन्या बिल्डिंगखालचा एक छोटा गाळा, चार स्टुलं, एक तवा आणि अंड्यांचे ट्रे. पाटीवरचं नाव कोणी वाचत नाही. सगळे म्हणतात, 'मामांकडे जाऊ या.'

स्टीलच्या ग्लासात दोन अंडी, बारीक कांदा, हिरवी मिरची, कोथिंबीर, चिमूटभर हळद. खळखळ फेटून गरम तव्यावर! खरी गंमत पुढे. वरची बाजू ओली असतानाच मामा उघडलेला पाव त्यावर दाबतात. अंडं शिजता शिजता पावाला घट्ट धरून बसतं. मग कागदात गुंडाळा आणि लोकलसाठी धावत सुटा, काही सांडत नाही. ऑम्लेट हा शब्द फ्रेंच, पाव पोर्तुगीजांचा, मिरची अमेरिका खंडातली आणि खाणारे आम्ही सांगली-जळगावचे. एकटे मामाच काय ते अस्सल इथले, आगरी.

मला हा गाळा सापडला तो सक्तीने. ११ महिन्यांचं अ‍ॅग्रीमेंट करतानाच घरमालकांनी बजावलं होतं, 'किचनमध्ये अंडंसुद्धा नको हं!' आम्ही तिघी रूममेट्स, तिघी अंडं खाणाऱ्या. दुसऱ्या दिवसापासून मामांकडे हजेरी. महिनाअखेरीला ते वही पुढे सरकवतात, 'लिव्ह, पगार झाला का दे.' दोन दिवस दिसले नाही तर चौकशी, 'काय गो, गावाला गेल्तीस का?' नव्या शहरात आपली गैरहजेरी कुणाच्या तरी लक्षात येणं, हे किती मोठं असतं ते घर सोडून आलेल्यांनाच विचारा!

आता ही बिल्डिंग पुनर्विकासाला चाललीय. वाशीतल्या अशा बऱ्याच जुन्या इमारतींचं तेच होतंय. टॉवर होईल, लिफ्ट येईल, गळकी छतं जातील. रहिवासी खूश आहेत आणि त्यांचं बरोबरच आहे. गाळ्याच्या मालकालाही नवा गाळा मिळेल. मामा मात्र भाडेकरू. शहर वसवताना घरची भातशेती गेली, आता शहर नव्याने बांधताना तवा ठेवायची जागा जाणार.

'मग तुम्ही काय करणार?' मी विचारलं. पाव दाबत ते म्हणाले, 'तवा हाय ना माझा. ठेवीन तिथं हाटेल.'

डायलॉग भारी आहे, पण डिपॉझिट डायलॉगने भरता येत नाही. म्हणून आम्ही रेग्युलर मंडळी सध्या रविवारी आजूबाजूच्या सेक्टरांत गाळे बघत फिरतोय. भाडी ऐकून भूक मरते. तुमच्या पाहण्यात स्टेशनजवळ एखादा परवडणारा असेल तर जरूर सांगा. फार मोठा नको. चार स्टुलं मावली की झालं!