बाईची कुस्ती, खरी की नुरा

कोल्हापूर-सांगलीकडे पैलवानाने कुस्ती मारली की फेटे उडतात, हलगीवाला चेकाळतो, कुणीतरी मैदानात धावत जाऊन त्याला खांद्यावर घेतो. हमीदा बानूने कोल्हापुरात एका पुरुष पैलवानाला पाडलं तेव्हा तिच्यावर दगड आले. जमाव पांगवायला पोलिसांना मध्ये पडावं लागलं. ही कुस्ती ठरवून केलेली, नुरा कुस्ती होती, असा ओरडा झाला.

तालमीची माती कपाळाला लावणाऱ्या मुलखाने हे करावं, याचं नवल काही केल्या ओसरत नाही.

हमीदा उत्तर प्रदेशातली, पैलवानांच्या घरातली. अलीगढला वस्तादाकडे तयार झाली आणि 1950च्या दशकात देशभर गाजली. 'मला हरवा आणि माझ्याशी लग्न करा' हे तिचं आव्हान वर्तमानपत्रांनी चवीने छापलं. मे 1954 मध्ये बडोद्याला जो पैलवान तिच्याशी लढणार होता, त्याने बाईशी लढणार नाही म्हणत ऐनवेळी अंग काढून घेतलं. मग बाबा पहलवान समोर आला आणि 1 मिनिट 34 सेकंदांत चितपट झाला. हमीदाची उंची पाच फूट तीन इंच, वजन 108 किलो. खुराकात साडेपाच लिटरच्या वर दूध, किलोभर मटण, एक कोंबडी, अर्धा किलो लोणी, सहा अंडी आणि दोन ताटं बिर्याणी, हेही छापून आलं होतं. पुरुष पैलवानाचा खुराक कौतुकाचा विषय असतो. तिचा बहुधा करमणुकीचा झाला.

पुण्याची गोष्ट तर आणखी बोलकी आहे. तिथे रामचंद्र साळुंखे यांच्याशी तिची जोड ठरली होती. स्थानिक कुस्ती संघटनेने हरकत घेतली आणि कुस्ती झालीच नाही. आपल्याला लढू दिलं जात नाही, अशी तक्रार हमीदाने मुंबई राज्याचे तेव्हाचे मुख्यमंत्री मोरारजी देसाई यांच्याकडे केली. उत्तर आलं की बंदी ती बाई आहे म्हणून घातलेली नाही. आयोजक तिच्यासमोर नकली पैलवान उभे करतात अशा तक्रारी आहेत, म्हणून घातली आहे.

हे उत्तर जरा थांबून वाचायला हवं. हमीदाच्या काही कुस्त्या नुरा असतीलही. दीड मिनिटात बडा पैलवान पडतो म्हटल्यावर शंका कुणालाही येईल आणि तो काळच किंगकाँग-दारासिंगच्या तिकिटाच्या दंगलींचा होता. पण नुरा कुस्ती काही हमीदाने शोधून काढली नव्हती. पुरुष पैलवान आपसात ठरवून पडत होते, आयोजक तिकिटं विकत होते, लोक शिव्या देत घरी जात होते आणि पुढच्या जत्रेला पुन्हा येत होते. तेवढ्यासाठी पुरुषांची कुस्ती कुणी बंद केली नाही. शिवाय दगड मारणाऱ्यांनी कुस्ती खोटी होती म्हणून मारले, की खरी असण्याची भीती वाटली म्हणून? कुस्ती खोटी असेल तर हसून सोडून देता येते. दगड उचलायला राग लागतो, आणि तो आयोजकावर काढायचा सोडून तिच्यावरच निघाला.

पुढची हकीकत भराभर सांगून टाकावी अशीच आहे. 1954 मध्येच मुंबईत तिने रशियाच्या वेरा चिस्टिलिनला मिनिटाच्या आत हरवलं आणि युरोपात लढायला जायचं जाहीर केलं. ते राहिलं. ती जाऊ नये म्हणून वस्तादाने तिला मारहाण करून हात मोडला, असं तिच्या नातवाने सांगितलेलं आहे. नंतरचं आयुष्य कल्याणला गेलं. दूध विकलं, खोल्या भाड्याने दिल्या, शेवटी रस्त्याकडेला खाण्याचे पदार्थ विकले. 1986 मध्ये ती गेली. एखादा थकलेला पैलवान गावात वस्ताद होतो, पोरं त्याच्या पाया पडून मातीत उतरतात. तिच्या हाताखाली कुणी पोरगी तयार व्हावी, असं कुणाच्या मनातही आलं नसावं. कुस्तीतलं तिचं सगळं शहाणपण तिच्याबरोबरच गेलं.

इकडे 1961 साली महाराष्ट्र केसरी सुरू झाली. पहिला मान दिनकर दह्यारींचा. कवठेपिरानच्या मारुती मानेंनी 1962 च्या जकार्ता एशियाडमध्ये पदकं आणली आणि 1964 मध्ये ते हिंदकेसरी झाले. त्याआधी कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी 1952 मध्ये हेलसिंकीला कांस्यपदक मिळवलं होतं. सातारा-सांगलीच्या घराघरांत या नावांचे किस्से आहेत. पहिली महिला महाराष्ट्र केसरी मात्र व्हायला मार्च 2023 उजाडावा लागला. मधे बासष्ट वर्षं गेली. ऑलिंपिकमध्ये महिला कुस्ती 2004 ला आली, साक्षी मलिकचं पदक 2016 चं, तरी महाराष्ट्र केसरीची चांदीची गदा पुरुषांच्याच खांद्यावर होती. मुष्टियुद्ध इथे नवखं, ऑलिंपिकमध्ये बायकांना त्यात जागाच 2012 ला मिळाली. तरी त्यातही नागपूरची अल्फिया पठाण 2021 मध्ये आणि पुण्याची देविका घोरपडे 2022 मध्ये युवा जगज्जेत्या झाल्या होत्या. ज्या खेळाची परंपरा सांगताना आपला घसा सुकतो, त्याच्या गदेला एवढा उशीर व्हावा, हे पटत नाही.

महिलांची ती पहिली स्पर्धा सांगलीत झाली. सांगलीच्या प्रतीक्षा बागडीने कल्याणच्या वैष्णवी पाटीलला हरवून गदा उचलली. हमीदाने अखेरची वर्षं जिथे काढली, त्याच कल्याणची मुलगी अंतिम फेरीत होती, पण त्या दिवशी हमीदाची आठवण कुणाला झाली असेल, असं वाटत नाही. गर्दी होती, घोषणा होत्या. कुस्ती मॅटवर, वजनगटात, पंच गुण देणार. नुरा म्हणायला जागाच नव्हती. मातीतली मजा मॅटला नाही असं म्हणणारे जुने लोक अजून आहेत आणि त्यांचं म्हणणं खोटंही नाही. पण मॅट आला म्हणून मुलींना नियमांचा आधार मिळाला, हेही तितकंच खरं.

सगळा अन्याय बाईवरच होतो असंही नाही. 2022 मध्ये साताऱ्यात झालेल्या महाराष्ट्र केसरीचा विजेता पृथ्वीराज पाटील याने जाहीर सांगितलं होतं की गदा मिळाली, पण बक्षिसाची रक्कम मिळाली नाही. पैलवानाला उपाशी ठेवायची रीत आपल्याकडे जुनी आहे. तेव्हा लोक त्याच्या बाजूने बोलले आणि बातम्या झाल्या. मुलींच्या बाजूने बोलणं एवढं सोपं गेलेलं नाही.

सांगलीच्या त्या गदेला महिना होतो न होतो तोच, 23 एप्रिल 2023 ला साक्षी मलिक, विनेश फोगाट आणि बजरंग पुनिया दिल्लीत जंतरमंतरवर पुन्हा बसले. भारतीय कुस्ती महासंघाच्या तेव्हाच्या अध्यक्षांवर लैंगिक छळाचे आरोप होते. 28 मेला पोलिसांनी या आंदोलक पैलवानांना रस्त्यावरून ओढत नेलं. डिसेंबरमध्ये साक्षीने पत्रकारांसमोर टेबलावर बूट ठेवले आणि कुस्ती सोडली. सरकारच्या चौकशी समितीला तर असंही आढळलं की, 2013 च्या लैंगिक छळविरोधी कायद्यानुसार असायला हवी ती तक्रार समिती महासंघात रीतसर नेमलेलीच नव्हती.

म्हणून सांगली-साताऱ्यातल्या पालकांना सांगायचं ते साधं आहे. मुलगी तालमीत घालताना वस्तादाचं नाव आणि खुराकाचा खर्च तर सगळेच विचारतात. तिथे महिला प्रशिक्षक आहे का, कपडे बदलायला वेगळी खोली आहे का, बाहेरगावच्या शिबिराला मुलींसोबत कोण जातं, तक्रार कुणाकडे करायची, हेही विचारावं. गदा घरी नेणाऱ्या मुली आता आहेत. त्यातल्या काहींना तरी प्रशिक्षक म्हणून, पंच म्हणून, संघटनेच्या कार्यकारिणीत बसवायला हवं, आणि ते स्पर्धेचे फोटो छापून येतात त्याच आठवड्यात ठरवायला हवं. पुरुष पदाधिकाऱ्यांना हे रुचेल का, याची शंका आहे. 1950च्या दशकात पुण्यात हरकत घेणारेही पदाधिकारीच होते.