गरम काच गारच दिसते!

सहलीला तुम्ही किल्ल्यावर गेला असाल, समुद्रावर गेला असाल, लेणीही पाहिली असतील. आज चला माझ्याबरोबर एका वेगळ्याच ठिकाणी. तिथं तिकीट लागत नाही, पण पांढरा ॲप्रन मात्र लागतो!

त्याचं असं झालं. माझी भाची साताऱ्याला बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला गेली. रसायनशास्त्राचं तिचं पहिलंच प्रॅक्टिकल होतं. मी खेड्यातल्या प्राथमिक शाळेत शिकवतो. आमची प्रयोगशाळा म्हणजे कपाटातली एक पेटी! म्हटलं, मोठ्या मुलांची प्रयोगशाळा बघून यावी. तिच्या सरांनी परवानगी दिली आणि मी सकाळची एस.टी. पकडली.

दारातच अडलो. माझ्या पायांत चपला! "पाय झाकणारे बूट हवेत, गुरुजी," सर हसत म्हणाले. शेवटी शिपाईकाकांनी त्यांचे जुने बूट दिले. मुलींनी केस बांधले, ओढण्या ॲप्रनच्या आत खोचल्या. डबे आणि पाण्याच्या बाटल्या बाहेरच राहिल्या. का? हाताला लागलेलं रसायन घासाबरोबर पोटात जाऊ नये म्हणून.

आत लांबच लांब टेबलं, त्यांवर बाटल्यांच्या फळ्या, टोकाला बेसिन. कोपऱ्यात काचेचं सरकतं दार असलेलं एक मोठं कपाट होतं. विषारी वायू निघणार असेल तर प्रयोग त्या कपाटात करायचा. तिथला पंखा वायू बाहेर ओढून नेतो.

मला वाटलं, आता रंगीबेरंगी प्रयोग सुरू होणार. कसलं काय! सरांनी आधी सगळ्यांना खोलीभर फिरवलं. बाहेर पडायची दारं, गॅसचा मुख्य कॉक, वाळूची बादली, आग विझवायचं लाल नळकांडं, डोळे धुवायचा नळ. "आग लागल्यावर हे शोधत बसायचं नसतं," ते म्हणाले.

मग एकेक सवय. बाटली उचलताना लेबल वाचायचं, ओतण्याआधी पुन्हा वाचायचं. वास घ्यायला नाक बाटलीत खुपसायचं नाही. हातानं हळूच वारा नाकाकडे घ्यायचा. आम्ल पाण्यात थोडं थोडं ओतायचं, आम्लात पाणी कधीच नाही! तीव्र सल्फ्युरिक आम्लात पाणी पडलं, की इतकी उष्णता निघते की ते उकळून अंगावर उडतं. पिपेटला रबरी फुगा लावायचा. आम्ही अकरावीत तोंडानं ओढायचो, बरं का! आता आठवलं तरी अंगावर काटा येतो.

एका मुलानं चष्मा कपाळावर सरकवला. काचेवर वाफ धरते म्हणे! सर रागावले नाहीत. त्यांनी टेबलावरच्या बर्नरकडे बोट दाखवलं. "हा कुणाच्या नावाचा? रॉबर्ट बन्सेन यांच्या. १८५५ च्या सुमारास जर्मनीत हायडेलबर्गला त्यांनी तो तयार करवून घेतला. त्याआधी, तरुणपणी, आर्सेनिकच्या एका संयुगाचा स्फोट झाला आणि त्यांच्या उजव्या डोळ्याची दृष्टी कायमची गेली." चष्मा मुकाट्यानं खाली आला.

प्रयोग होता आम्ल आणि कॉस्टिक सोड्याचा. खाली चंबूत आम्ल, वर ब्युरेटमध्ये सोड्याचं सौम्य द्रावण. थेंब थेंब सोडायचं. आकडा वाचताना डोळा द्रावणाच्या पातळीत हवा. फिक्कट गुलाबी रंग आला की थांबायचं.

माझी भाची बुटकी. टेबलावरच्या ब्युरेटचं तोंड तिच्या डोक्याच्याही वर! भरायच्या आधी ते डोळ्यांच्या खाली घ्यायचं, हे सरांनी सांगितलं होतं. घाईत ती विसरली. नरसाळ्यातून द्रावण उसळलं. एक थेंब चष्म्यावर, बाकीचे मनगटावर!

"सर, माझ्या हातावर सोडा उडाला!" ती मोठ्यानं ओरडली.

सगळा वर्ग थांबला. सरांनी तिचा हात नळाखाली धरला आणि घड्याळ लावून पंधरा मिनिटं पाणी सोडलं. कुणी हसलं नाही, कुणी रागावलं नाही. मी मात्र चष्म्यावरच्या त्या थेंबाकडे बघत होतो. सोडा डोळ्यात गेला तर तो आम्लापेक्षाही खोल इजा करतो.

आता माझी गोष्ट सांगतो. आजवर फारशी कुणाला सांगितलेली नाही. अकरावीत मी काचेची नळी तापवून वाकवली आणि फरशीवर ठेवली. थोड्या वेळानं सरळ उचलली! गरम काच आणि गार काच दिसायला अगदी सारखीच असते. बोटं भाजली. पण सर ओरडतील म्हणून मी हात टेबलाखाली लपवला आणि तासभर तसाच बसलो. लगेच पाण्याखाली धरला असता तर? तर्जनीवरचा डाग अजून आहे. खडू धरला की दिसतो.

परतताना भाचीला विचारलं, "ओरडताना लाज नाही वाटली?"

ती म्हणाली, "मामा, सरांनी पहिल्यांदाच सांगितलं होतं, चुकलात तर मार्क जाणार नाहीत, पण लपवलंत तर हात जाईल."

दुसऱ्या दिवशी माझ्या वर्गात मीही फळ्यावर लिहिलं, 'चुकलं तर सांगा. मी रागावणार नाही.' बघू, मला किती जमतं ते!

आणि तुम्ही? आज घरी एक काम करा. संडास धुवायचं ॲसिड किंवा फिनेल कुणी शीतपेयाच्या बाटलीत भरून ठेवलंय का, ते बघा. हात लावू नका, आई-बाबांना दाखवा. आणि कधी काही सांडलं, फुटलं, भाजलं तर? लपवायचं नाही. ताबडतोब हाक मारायची!