न उघडणारी फाईल

चित्रफितीचे संकलन करणारा माणूस संगणकावर जी फाईल दिवसातून दहा वेळा जतन करीत असतो, तिच्यात चित्र एकही नसते. ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते, आणि ठाऊक नसल्यामुळे ती फाईल उघडेनाशी झाली की घरात कोणी दगावल्यासारखी माणसे हवालदिल होतात. वस्तुतः ती असते केवळ एक यादी. अमुक फोल्डरमधील अमुक चित्रण घ्यावे, त्याच्या चौथ्या मिनिटापासून अकरा सेकंद तेवढे ठेवावेत, त्याला तमुक जोडावे, मागे हा आवाज असावा, वर ही अक्षरे उमटावीत, अशा हजारो सूचनांची ती जंत्री असते. मूळ चित्रणे शेकडो जीबीची असतात. यादी बहुधा काही एमबीची. एवढे ध्यानी आले म्हणजे निम्मी घाबरगुंडी ओसरते. उरलेली निम्मी मात्र रास्त असते. तिच्याविषयीच मला लिहावयाचे आहे.

ही रीत काही संगणकाबरोबर आलेली नाही. फिल्मच्या काळी मूळ निगेटिव्हला संकलक सहसा हात लावीत नसे. तिच्यावरून काढलेल्या कामचलाऊ प्रतीवर त्याची कात्री चाले, आणि सारे मनासारखे जुळल्यावर फिल्मच्या कडेला छापलेल्या क्रमांकांच्या आधाराने निगेटिव्ह कापली जाई. व्हिडिओ टेपच्या काळात या क्रमांकांची ‘एडिट डिसिजन लिस्ट’ झाली. ती साध्या अक्षरांत असे, कागदावर छापता येई, एका स्टुडिओची यादी दुसऱ्या स्टुडिओच्या यंत्राला वाचता येई. आज मात्र प्रत्येक प्रणालीची यादी तिच्या स्वतःच्या लिपीत असते आणि ती लिपीही दर वर्षा-दोन वर्षांनी बदलत जाते. सोय वाढली, पण यादी वाचता येणारे कमी झाले, असे माझे मत आहे.

आमच्या धर्मग्रामातील अकरा वृद्ध स्त्रियांनी २०१७ ते २०१९ या काळात सामवेदी बोलीतील लग्नगीते गाऊन चित्रित करू दिली. चित्रण एकूण एकोणीस तासांचे झाले. लग्नसमारंभांची चित्रणे करणाऱ्या गावातल्याच एका तरुणाने त्यातून बावन्न मिनिटांचा माहितीपट आकारास आणला. पडद्याशेजारी त्या आज्या बसत आणि “हे नको, आता म्हटले ते ठेव,” असे त्याला सांगत. एकेक गाणे पाच-सहा वेळा गायिलेले. त्यांतले खरे कोणते, हे त्यांनी ठरविलेले. कठीण शब्दांचे अर्थ त्यांच्यापैकी सर्वांत वडील असलेल्या आजी सांगत, आणि तो तरुण ते अर्थ चित्रमालेवर त्या त्या क्षणी खूण करून, म्हणजे ‘मार्कर’ लावून, टिपून ठेवी. या आजी २०२१ साली वारल्या. तरुण २०२२ साली कॅनडाला गेला. जाताना त्याने डिस्क माझ्या हाती दिली.

२०२४ साली ती उघडावयाचा प्रसंग आला आणि फाईल उघडेना. चित्रण सारे जागच्या जागी होते. नव्हती ती निवड, आणि नव्हते ते शब्दार्थ. एकोणीस तासांतून ती निवड पुन्हा करणे एखाद्या जाणत्यास कदाचित शक्यही झाले असते. त्या आजींना मात्र आता कोण विचारणार?

जाणकारांच्या मदतीने पुढे जे जे केले ते क्रमाने सांगतो, कारण अशा डिस्क आता पुष्कळ घरांत आहेत. प्रथम संपूर्ण डिस्कची नक्कल काढली आणि मूळ डिस्क कपाटात ठेवली. न उघडणाऱ्या फाईलवर पुन्हा पुन्हा टिचक्या मारणे, किंवा पैसे मागणारी कुठली तरी ‘दुरुस्ती’ प्रणाली त्याच डिस्कवर उतरवून घेणे, यासारखा अविचार नाही. मग फाईलचा आकार पाहिला. तो शून्य होता! जतन करताना वीज गेली, वा डिस्क मध्येच उपटली गेली, तर असे होऊ शकते. यादीचे नाव तेवढे राहते, आत काहीच नसते. अशा फाईलवर कोणताही उपाय चालत नाही. जुनी प्रत शोधणे एवढेच हाती उरते.

आमची यादी ॲडोबीच्या प्रीमियर प्रो या प्रणालीतील होती. ही प्रणाली काम चालू असताना ठरावीक वेळाने आपणहून प्रती काढून ठेवते, आणि वेगळे काही सांगितले नसेल तर मूळ फाईलच्या शेजारीच ‘ऑटो-सेव्ह’ नावाचा फोल्डर करून त्यात त्या साठविते. डिस्क देताना तरुणाने तो फोल्डरही दिला होता, हे आमचे भाग्य. त्यातील शेवटची प्रत मूळ फाईलच्या तारखेच्या केवळ एक दिवस आधीची होती.

ती गावातल्या स्टुडिओत नेली तर “हा प्रकल्प नव्या आवृत्तीत जतन केलेला आहे,” असा संदेश आला. नवी आवृत्ती जुन्याची यादी वाचते, जुनी नव्याची वाचत नाही. यावर एक आडवाट आहे. ही फाईल म्हणजे प्रत्यक्षात जीझिप पद्धतीने दाबून बसविलेला एक्सएमएल मजकूर असतो. सेव्हन-झिपसारख्या साधनाने ती उलगडली तर आरंभीच आवृत्तीचा क्रमांक दिसतो. प्रतीवर तो कमी केला की जुनी प्रणालीही पुष्कळदा ती फाईल उघडते, पण नव्या आवृत्तीतले काही काही त्यात गळून पडते. आम्हांस गळती नको होती. म्हणून वसईतच ज्याच्याकडे नवी आवृत्ती होती त्याच्याकडे गेलो.

तेथे फाईल उघडू लागली आणि अर्ध्या वाटेवर थबकली. अशा वेळी दोष बहुधा यादीत नसतो. यादीने बोलाविलेले एखादे चित्रण, किंवा एखादा जोडलेला परिणाम, प्रणालीला अडवून धरतो. त्या गृहस्थाने फार साधी युक्ती केली. चित्रणाच्या फोल्डरचे नावच बदलले. प्रणालीला एकही चित्रण सापडेना, आणि प्रकल्प मात्र विनातक्रार उघडला. पडदाभर लाल रंग आणि त्यावर ‘मीडिया ऑफलाईन’ ही सूचना निरनिराळ्या भाषांत! पाहणाऱ्याला हा अपशकुन वाटेल. मला तो लाल पडदा पाहून हायसे वाटले, कारण खालच्या पट्टीवर बावन्न मिनिटे जशीच्या तशी मांडलेली होती आणि तिच्यावर मार्करांच्या लहान लहान खुणा होत्या. मग फोल्डरचे नाव पूर्ववत केले आणि एकेक चित्रण कोठे आहे ते दाखवीत गेलो. त्या तरुणाच्या संगणकावर डिस्कचे अक्षर ‘ई’ होते, येथे ते ‘एफ’ झाले होते. एक चित्रण दाखविले की त्याच्या सोबतची इतर आपोआप जोडली जात. अडवणूक करणारे चित्रण शेवटी सापडले. मोबाईलवर घेतलेले, नक्कल करतानाच केव्हातरी अर्धवट राहिलेले असावे. ते वगळले.

आणखी एक अडचण खास आपल्या लिपीची. आरंभीची शीर्षके युनिकोड नसलेल्या जुन्या मराठी फॉन्टमध्ये बसविलेली होती. तो फॉन्ट या संगणकावर नसल्याने गावाच्या नावाऐवजी रोमन अक्षरांची खिचडी दिसू लागली. मराठीत काम करणाऱ्याने प्रकल्पाबरोबर फॉन्टची फाईलही ठेवावी, हे कोणत्याही इंग्रजी मार्गदर्शिकेत ठळकपणे सांगितलेले मला आढळले नाही. शब्दार्थ सुदैवाने युनिकोडमध्ये होते.

तंत्रज्ञानाच्या मोठ्या बाजारातही हे घडते. ॲपलने जून २०११ मध्ये फायनल कट प्रो एक्स बाजारात आणले, तेव्हा त्याच कंपनीच्या आधीच्या फायनल कट प्रो ७ मधील प्रकल्प त्यात उघडत नव्हते. पुढे एका लहान कंपनीने एक्सएमएलच्या मार्गाने भाषांतर करणारे साधन तयार केले; पण ज्यांनी जुन्या प्रणालीतून वेळीच एक्सएमएल काढून ठेवले होते त्यांनाच ते सुलभ झाले. २०१७ सालच्या मॅकओएस हाय सिएरावर तर फायनल कट प्रो ७ सुरूच होत नाही. यादी शाबूत असेल, पण ती वाचणारा राहिला नाही, अशी ही अवस्था.

म्हणून काम होताच आम्ही त्या गृहस्थाकडून चार गोष्टी मागून घेतल्या: पूर्ण माहितीपटाची तयार चित्रफीत, प्रकल्प आणि त्याने वापरलेली सारी चित्रणे एकत्र केलेला फोल्डर, यादीची एक्सएमएल प्रत, आणि सर्व मार्करांचा मजकूर. प्रीमियरमधून मार्कर वेगळे काढता येतात. तो मजकूर छापून घेतला तेव्हा सव्वीस पाने भरली. ती आता आमच्या दप्तराच्या कपाटात आहेत, आणि एक प्रत त्या आजींच्या सुनेकडे दिली आहे. तिने दोन ठिकाणी अर्थ दुरुस्त करून पाने परत पाठविली.

एक गाणे मात्र अजून लालच आहे. ते मोबाईलवरचे. तरुणाला कळविले तेव्हा त्याने लिहिले, “फादर, तो जुना फोन टाकलेला नाही, खणात आहे. चार्जर मिळाला की पाहतो.”