इतिवृत्तातले आजोबा

नगर, सातारा, सांगली, कोल्हापूर या जिल्ह्यांतील गावांमध्ये विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आजोबांची एक पिढी नांदून गेली, जिचे शिक्षण फार तर व्हर्नाक्युलर फायनलपर्यंत, म्हणजे सातवीच्या परीक्षेपर्यंत, झालेले असे आणि जमीनही बेताचीच असे, पण गावची सोसायटी, शाळा, वाचनालय आणि हरिनाम सप्ताह यांपैकी निदान दोन ठिकाणी जिच्यावाचून काम पुढे सरकत नसे. अशा माणसाच्या मागे घरात उरते ती आठवण बहुतेक सवयींची असते: पहाटेचा हरिपाठ, अडकित्त्याचा आवाज, नातवंडांसाठी बंडीच्या खिशात जपलेली गोळी. ही आठवण खरी आणि हवीहवीशी असली, तरी ती शेजारच्या घरातल्या आजोबांनाही तितकीच लागू पडते. ज्या कामासाठी गाव त्यांना आपले मानत होते, ते सोसायटीच्या लोखंडी कपाटात लाल कापडी पुठ्ठ्याच्या वह्यांमध्ये पडून असते.

सोसायटी म्हणजे सभासद शेतकऱ्यांना पीककर्ज देणारी गावपातळीवरील सहकारी संस्था. १९०४ च्या कायद्याने अशा पतसंस्थांचा पाया घातला आणि १९५० मध्ये विठ्ठलराव विखे पाटील व अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून प्रवरेचा सहकारी साखर कारखाना उभा राहिल्यावर सहकाराविषयीचा विश्वास गावोगाव पसरला. सहकारात सभासदाचे भाग, म्हणजे शेअर, कितीही असले तरी मत एकच असते, त्यामुळे इथे वजन पडे ते समजूत घालणाऱ्या माणसाचे. आणि उन्हातान्हात वस्त्यावस्त्यांवर जाऊन, पुन्हा पुन्हा तेच समजावून सांगणे हेच या आजोबांचे खरे भांडवल होते.

सभेच्या कामकाजाची अधिकृत नोंद म्हणजे इतिवृत्त. गावात त्याला सर्रास ‘प्रोसिडिंग’ म्हणतात. त्याच्या एका पानावर ठरावाचा क्रमांक, विषय, सूचक, अनुमोदक आणि ‘सर्वानुमते मंजूर’ एवढाच मजकूर असतो, पण खालच्या सह्या सावकाश वाचण्यासारख्या असतात. काही वळणदार, काही कापऱ्या हाताने गिरवलेल्या आणि मधूनमधून जांभळ्या शाईचे ठसे, ज्यांच्याशेजारी ‘नि. डा. अं.’, म्हणजे निशाणी डावा अंगठा, असे लिहून त्या सभासदाचे नाव दुसऱ्या कुणी तरी घातलेले असते. आजोबांचे अक्षर ओळखणाऱ्या नातवाला ते स्वतःच्या सहीपेक्षा इतरांच्या नावांतच जास्त वेळा भेटू शकते. कुठे ‘गणपूर्तीअभावी सभा तहकूब, अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी’ अशी ओळ येते. पुरेसे सभासद जमले नाहीत एवढाच तिचा अर्थ, पण त्या अर्ध्या तासात घरोघर हाका मारत कोण फिरत होते, हे वहीत नसते.

दुसऱ्याच्या कर्जाला जामीन राहणे हे तर त्या पिढीच्या समाजकारणाचे सर्वांत धोक्याचे अंग होते. कर्जदाराने हप्ते थकवले की वसुलीची नोटीस जामीनदाराच्याही दारी येते, आणि हे पुरते ठाऊक असूनही, समोरच्याच्या घरी बियाण्याला पैसे नाहीत एवढ्याच कारणाने सही करणारी माणसे होती. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडण्याच्या कामांवर हजेरीपत्रकात, म्हणजे मस्टरवर, नाव लागावे म्हणून लोक ज्यांच्याकडे धाव घेत, तेही बहुधा हेच.

या औदार्याची किंमत कुणी मोजली, हा प्रश्न टाळून लिहिलेली आठवण अपुरीच राहते. रयत शिक्षण संस्थेच्या इतिहासात कर्मवीर भाऊराव पाटलांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी वसतिगृहातल्या मुलांसाठी अंगावरचे दागिने दिल्याचे आदराने सांगितले जाते. पण असंख्य घरांत अवेळी आलेल्या चार माणसांसाठी पुन्हा चूल पेटवणाऱ्या, बैठका लांबल्या म्हणून पेरणी एकटीने उरकणाऱ्या आजीची नोंद कोणत्याही ठरावात नाही. पंचायतीत स्त्रियांसाठी एक तृतीयांश जागा राखल्या गेल्या त्या ७३ व्या घटनादुरुस्तीने, १९९३ मध्ये. पंचायतीच्या त्याआधीच्या सह्यांत बाईचे नाव शोधावे लागते. तसेच, ज्या आजोबांना सारा गाव आपला वाटे, त्यांच्या ‘गावा’त वेशीबाहेरची वस्ती होती का, पंगतीत तिथली माणसे कुठे बसत, हेही प्रेमाने पण स्पष्टपणे विचारले पाहिजे. काहींनी विरोध पत्करून सार्वजनिक पाणवठा सर्वांना खुला केला, काही गप्प राहिले. आपले आजोबा कोणत्या बाजूला होते हे जाणून घेतल्याने त्यांच्यावरची माया उणावत नाही, ती डोळस होते.

महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ३२ प्रमाणे सभासदाला सर्वसाधारण सभेचे इतिवृत्त कार्यालयात बसून विनामूल्य पाहता येते, आणि आजोबांचा भाग वारसाने ज्याच्या नावे झाला आहे तोही सभासदच असतो. सोसायट्यांचे कामकाज आता संगणकावर जात आहे, जुन्या वह्यांना वाळवीही लागते, म्हणून त्या वाचण्याचे काम लवकर व्हायला हवे. पण त्याहीआधी आजीसोबत चुलीपुढे राबलेल्या, आज ऐंशी-नव्वदीत असलेल्या जावा-नणंदांकडे जायला हवे आणि कोणत्या साली कोणता दागिना कुणाच्या जामिनापायी मोडला गेला, हे त्यांच्याकडून लिहून घ्यायला हवे.